चिंधी बांधलेला भोपळा

होळी झाली की आमच्या शहरात पाण्याला वय येतं. नळ येतो त्या दिवशी ते ताजं असतं, दुसऱ्या दिवशी कालचं, आणि त्यापुढं कुठल्या पिंपात कुठल्या वाराचं पाणी आहे हे मला घरातल्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक असतं. पुन्हा नळ आला की आधीचं सगळं एका क्षणात शिळं होतं. धरण तेच, पाइप तोच, हंडाही तोच, तरी शिळं पाणी प्यायचं नाही. नवं भरायचं आणि जुनं ओतून द्यायचं. नुसतं ओतून देताना हात जड होतो, म्हणून ते झाडांना घालायचं. माझी सगळी बागायती या शिळ्या पाण्यावर झाली आहे.

बागायती म्हणताना माझं मलाच हसू येतं. चिकलठाण्याच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. गच्ची सगळ्यांची, पण तिच्या एका कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडायची मला परवानगी मिळाली आहे. चार वांगी, सहा मिरच्या, थोडा चुका. कोथिंबीर लावते, पण ती उन्हाच्या धसक्यानं हातभर वाढायच्या आत फुलावर येते. आणि पाण्याच्या टाकीवर चढवलेला लाल भोपळ्याचा एक वेल. त्याला यंदा पहिलं फळ धरलं ते मागच्या आठवड्यात, आणि त्याच दिवशी दत्ताचा फोन आला.

दत्ता हा माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. बिडकीनला असतो. शेत कारखान्यांच्या जागेत गेलं, आता त्यानं रस्त्याच्या कडेला घर बांधलंय. म्हणाला, "काकू, घराच्या मागं चार वाफे होतील एवढी जागा सुटलीय. म्हनलं आजीचा भोपळा लावावा. गावात कुनाकडंच बी ऱ्हायलं न्हाई. तुमच्याकडं हाय म्हनून काका म्हनले."

मी म्हटलं, "आहे की. रविवारी ये."

फोन ठेवला आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. कारण माझ्या डब्यात जे बी आहे ते दत्ताच्या आजीचं नाही. हे दत्ताला माहीत नाही, आमच्या ह्यांनाही माहीत नाही. एका माणसाला माहीत होतं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

*

तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात राहत होतो. दोन खोल्या, आणि मागं दोन बाजा शेजारी टाकल्या तर चालायला जागा उरणार नाही एवढं परसू. परसू कसलं, घर बांधणाऱ्यानं उरलेला मुरूम आणि विटांचे तुकडे लोटून दिलेली जागा. तिथं मी धुणं वाळत घालायचे. भाजी जमिनीत येते हे मी शाळेत पोरांना शिकवत होते खरी, पण माझ्यापुरती ती मंडईतच उगवत होती.

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई गेल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. संक्रांतीच्या आधी हे गावाला गेले आणि माझ्या सासऱ्यांना, आबांना, घेऊन आले. गावी थोरला मुलगा होता, शेत होतं, पण आबांचं तिथं मन लागेना. एस.टी.तून उतरताना त्यांच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. घरी येऊन बसले, पाणी प्याले, तरी मूठ उघडली नाही. मला वाटलं हात दुखावलाय. मग त्यांनी मूठ माझ्यापुढं धरून उघडली. आत हिरव्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी, तिच्यात राख आणि राखेत पाच बिया.

"तुझ्या सासूच्या माहेरचं हाय," आबा म्हणाले. "लग्नात घेऊन आली व्हती. दर साली तीच ठेवायची, मला हात लावू द्यायची न्हाई. आता एवढंच हाय."

मी बरं म्हटलं आणि चहा टाकायला उठले. माझ्या लेखी त्या पाच बिया होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आबा परसात उकिडवे बसून, पिठाची माझी चाळणी घेऊन मुरूम चाळत होते. मी चाळणीसाठी ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. आठ दिवस चाळलं त्यांनी. कुठून तरी गोठा शोधून काढला आणि पोत्यात शेणखत आणलं, तेही डोक्यावरून, भर वस्तीतून. ह्यांना ऑफिसातलं कुणी बघेल याची लाज वाटली आणि तसं ते बोललेही. आबांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक पोतं आणलं.

जुन्या माठाच्या बुडाला त्यांनी भोक पाडलं, त्यात कापडाची वात घातली आणि माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरला. त्याच्या कडेनं पाच बिया लावल्या. माठात पाणी भरायचं आणि झाकण ठेवायचं. वातीतून थेंब थेंब पाणी मुळाशी जाई. "दुपारच्याला वरून पानी घातलं की मुळी उकडती," ते म्हणायचे. "तिला बी आपल्यासारखंच हाय. संध्याकाळी द्यावं, गार झाल्यावर." मला मुळीचं सुखदुःख पहिल्यांदाच कळत होतं.

पाचांतल्या तीन उगवल्या. त्यांतली एक चिमण्यांनी खुडली, एक आपोआप मेली. एक राहिली.

*

मार्चपासून शाळा सकाळची होते. साडेअकराला सुटायची. शाळेपासून घरापर्यंत डोक्यावर पदर आणि पदरावर रजिस्टर धरून मी यायचे. दार उघडलं की घरात अंधारासारखा गारवा आणि मागच्या दारातून येणारा एक हिरवा वास. टोमॅटोच्या पानांना एक उग्र वास असतो, बोटाला लागला की साबणानंही जात नाही. तो वास मला अजून कुठं आला तरी मी क्षणभर तिशीतली होते. आबांनी वेलाच्या आजूबाजूला टोमॅटो, वांगी, गवार, आणि कडेनं अंबाडी लावली होती. एवढ्याशा जागेत हे सगळं मावतं हे बघून मी चकित व्हायचे, आणि आबा म्हणायचे, "जागा लई हाय. मानूस लावत न्हाई."

संध्याकाळी सहाला ऊन भिंतीवरून उतरलं की आम्ही दोघं पाणी घालायचो. मी पिंपातलं शिळं पाणी बादलीनं आणून द्यायची, ते तांब्यानं घालायचे. तापलेल्या मुरमावर पहिला तांब्या पडला की चर्र आवाज व्हायचा आणि वाफेसारखा वास वर यायचा. तेवढ्या वेळात आम्ही फार बोलत नसू. मी खरं तर आयुष्यात कुणाबरोबर इतकं न बोलता राहिलेली नाही. आमचे हे म्हणायचे, "तू गप्प बसलीस म्हणजे तब्येत बरी नसणार." पण त्या परसात मला गप्प बसायला आवडू लागलं होतं. हे मी आबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

भिंतीपलीकडं एक शेजारीण राहायच्या, त्यांना सगळे खाला म्हणत. वेल त्यांच्या बाजूला गेला तशी एक दिवस त्यांची हाक आली, "सुमन, ये तुम्हारी बेल इधर आ गई मां! मैं पानी डाल री हूं उसकू, हां?" आबांना खालांची भाषा नीट कळायची. निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस, उर्दूत सातबारा वाचायचा. ते भिंतीपलीकडं ओरडले, "डालो, डालो! वो भी आपकीच हय!" असा वेल दोन घरांच्या पाण्यावर वाढला.

फुलं आली तेव्हा आबा पहाटे उठू लागले. भोपळ्याला नर फूल वेगळं असतं, मादी वेगळं. मादीच्या बुडाशी लिंबाएवढं फळ आधीच असतं. शहरात माशा कमी, म्हणून आबा स्वतःच नर फूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या सोलायचे आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचे. मी शाळेसाठी वेणी घालत दारात उभी असायची. "काय करताय आबा?" "लगीन लावतो," ते म्हणायचे, "भटजी न्हाई का कुनी न्हाई. अक्षता टाक तू दोन." आणि मी खरंच एकदा डब्यातले दोन तांदूळ आणून टाकले. सत्तरीचा माणूस आणि तीस वर्षांची शिक्षिका, सकाळी सहा वाजता भोपळ्याच्या फुलावर अक्षता टाकतायत. त्या हसण्याइतकं निर्मळ हसू मी नंतर फारसं हसले नाही.

बरीच फळं पिवळी पडून गळली. दोन धरली. एक जमिनीवर, एक खालांच्या भिंतीवर. आत्याबाईंच्या भोपळ्याचं एक होतं, त्याला खोल फाका असायच्या, संत्र्याच्या फोडी बाहेरूनच दिसाव्यात तशा. बोट ठेवलं तर पेराएवढं आत जाई. भिंतीवरचं फळ दोन मुठींएवढं झालं तेव्हा आबांनी ती हिरव्या काठाची चिंधी आणली आणि त्याच्या देठाला बांधली.

"हे कशाला?"

"बियान्याचं. चिंधी बांधली की ते फळ घराचं ऱ्हात न्हाई, सूनबाई. ते पुढल्या सालाचं. देठ वाळंस्तोवर त्याला कुनी हात लावायचा न्हाई. तुझी सासू तर त्याच्याकडं पोरांना बोट बी दाखवू द्यायची न्हाई."

मला कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

*

माझा भाऊ पुण्याला असतो. वहिनी मनानं वाईट नव्हती, पण तिला आमच्या शहराची फार दया यायची. आली की म्हणायची, "तुमच्याकडं पाण्याचं अजून तसंच का?" आणि माझ्या लग्नाच्या वेळी, बिडकीनचं स्थळ म्हटल्यावर, "तिथं काय आहे?" असं तिनं विचारलेलं मी विसरले नव्हते. ती विसरली असेल. अशा गोष्टी विचारणारे विसरतात.

चैत्रात ते दोघं येणार म्हणून पत्र आलं. मी उलट टपाली लिहिलं, येताना भाजी-फळं काही आणू नका, घरच्या बागेतलं सगळं आहे, घरच्या भोपळ्याचे घारगे घालीन. 'घरच्या' हा शब्द मी त्या पत्रात चारदा लिहिला होता. शाळेतल्या पोरीनं असं लिहिलं असतं तर मी तिला तांबड्या शाईनं खूण केली असती.

ज्या दिवशी ते येणार त्या सकाळी हे स्टँडवर गेले. आबा पुढच्या ओट्यावर बसले होते. मी परसात जाऊन जमिनीवरचं फळ उचललं आणि माझा अंगठा त्यात रुतला. खालून कुजलं होतं. माशीनं डंख मारलेला, वरून पत्ता लागला नव्हता.

मंडई दहा मिनिटांवर होती. तो रस्ता मी अजून मनात चालून बघते. दार ओढून घ्यायचं, पिशवी काखेत मारायची, कोपऱ्यावरून वळायचं, दोन-अडीच किलोचा एक पिकलेला भोपळा घ्यायचा आणि परत यायचं. वहिनीला तो घरचा म्हणून सांगितला असता तर तिला जन्मात कळलं नसतं. एक साधं, फुकटचं खोटं. पण त्या सकाळी मला खरेपणाची हुक्की आली होती. घरचा म्हटलंय तर घरचाच.

मी सुरी नेली आणि भिंतीवरच्या फळाचा देठ कापला. कापायच्या आधी चिंधी सोडली. गाठ पक्की होती, दातानं सोडवावी लागली. पलीकडून खालांनी मान वर केली. "अगे, उसकू तो निशानी बांधे थे ना बडे मियां?"

"देठ सुटला होता खाला," मी म्हटलं. "आपोआप."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "अच्छा," म्हणाल्या आणि खाली बसल्या. चिंधी मी शिवणाच्या मशीनच्या खणात टाकली.

आणि मग स्वयंपाकघरात फळ पुढ्यात घेऊन मी अडकले. आमच्यात अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही. पहिला वार पुरुषानं करायचा, मग पुढच्या फोडी बाईनं. का, ते कुणी सांगत नाही. माझ्या आईनं पाळलं, आत्याबाईंनी पाळलं. मी शिकलेली, असल्या गोष्टींना नाक मुरडणारी. पण सुरी त्या सालीवर टेकवली आणि हात पुढं जाईना. हे स्टँडवर गेलेले. घरात पुरुष एकच होता.

बियाण्याचं फळ तोडायला माझा हात अडला नाही, आणि चिरायची रीत मात्र मोडवेना. आजवर मी माझा पुष्कळदा विचार केला आहे, पण त्या बाईचा मला अजून थांग लागलेला नाही.

मी परात उचलून ओट्यावर नेली. "आबा, एवढा पहिला वार करून देता का?"

त्यांचे डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते. त्यांनी फळावर हात ठेवला. फाकांतून बोटं फिरवली, एक एक. मग अंगठा देठाकडं गेला. देठ ओला होता, सपाट कापलेला. अंगठा तिथं थांबला.

"देठ मोडला," मी म्हटलं. "आपोआप."

"व्हय," आबा म्हणाले. "मोडतो कवा कवा."

त्यांनी सुरी मागितली. दोन्ही हातांनी वरून दाबली. दोन फाकांच्या मधोमध, बरोबर. फळाचा तडकल्याचा आवाज झाला. आतला गर केशरी नव्हता, फिकट पिवळा होता. त्यांनी बोटानं बिया चाचपल्या, आणि दोन्ही अर्धे माझ्याकडं सरकवले.

"कवळा हाय अजून," एवढंच म्हणाले.

घारग्यांना रंग येईना म्हणून मी पिठात चिमूटभर हळद टाकली. जेवताना वहिनीनं दोन घारगे जास्त घेतले. "वन्सं, खरंच घरचा आहे हो? कमाल आहे तुमची." मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "सूनबाईनं पानी घातलं, म्हनून आला. न्हाईतर या मुरमात काय येतंय." आणि त्यांनी आपल्या ताटातला घारगा मोडून तोंडात घातला. सावकाश चावला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला जन्मात मिळालेलं सगळ्यात मोठं कौतुक ते, आणि ते ऐकताना मी ताटलीतले उरलेले घारगे उगाच मोजत होते.

*

रागावले असते तर बरं झालं असतं. या घरातल्या माणसांना रागावता येत नाही असं नाही. शेणखताच्या पोत्यावरून बापलेकात चांगली जुंपली होती. पण मला आबा बोलले नाहीत. त्या संध्याकाळीही सहा वाजता ते परसात आले, मी बादली आणून दिली, त्यांनी तांब्यानं पाणी घातलं. भिंतीवर वेलाचा देठ कापला होता त्या जागीही घातलं. शब्द कमी होतेच, पण आता त्या गप्प बसण्यात मला आवडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या फळातल्या बिया मी टाकल्या नव्हत्या. धुतल्या, सावलीत वाळवल्या, राखेत घातल्या, सगळं रीतसर केलं. पण त्या नुसत्या साली होत्या. दोन बोटांत धरून दाबलं की आत काही लागत नव्हतं. तरी मी डबा जपून ठेवला. फळाला आपण वेळ द्यायचा असतो तो नंतर राख घालून भरून काढता येत नाही, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण आशेला काय लागतं.

पुढच्या संक्रांतीला आबांनी विचारलं, "बी लावलं का?" आता त्यांना अंधूकच दिसत होतं, डॉक्टर ऑपरेशन उन्हाळ्यानंतर करू म्हणत होते. मी म्हटलं, "लावलं." लावलंच होतं. सगळं लावलं. माठात पाणी भरत राहिले. आठ दिवस झाले, पंधरा झाले, एकही वर आलं नाही. एका संध्याकाळी मी बोटानं माती उकरून पाहिली तर बिया कुजून मऊ झालेल्या.

तेव्हा मी मंडईत गेले. वर्ष उशिरानं, त्याच दहा मिनिटांच्या रस्त्यानं. एक पिकलेला भोपळा आणला, त्याचं बी काढलं आणि त्याच माठाच्या कडेला लावलं. आठवड्यात कोंब आले. धावत जाऊन मी आबांना सांगितलं, "आबा, उगवलं!" त्यांनी मान हलवली. "उगवणारच की," म्हणाले.

वेल चांगला वाढला. मार्चमध्ये फुलं आली. आता पहाटे उठून लग्न मी लावायचे, आबा दारात बसून असायचे. अक्षता कुणी टाकल्या नाहीत. फळ धरलं, पण ते वाढत होतं आणि गुळगुळीत होतं. एकही फाक नाही. चेंडूसारखं गोल, तुकतुकीत.

एक दिवस शाळेतून आले तर आबा परसात, फळाशेजारी बसलेले. मी दारातच थांबले. त्यांचा हात फळावर होता. वरून खाली आला, पुन्हा वर गेला. सगळीकडून फिरला, देठापासून बुडापर्यंत, सावकाश. ज्या माणसानं चाळीस वर्षं तो भोपळा हाताळला त्याला डोळ्यांची गरज नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"आबा..."

"आपलाच हाय," ते म्हणाले. मान न वळवता. "चांगला धरलाय."

मग म्हणाले, "ती चिंधी असंल बघ तुझ्याकडं. दे."

मी मशीनच्या खणातून चिंधी काढून आणली. ती माझ्याकडं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती चाचपली, काठ ओळखला, आणि मंडईतल्या त्या परक्या भोपळ्याच्या देठाला बायकोच्या लुगड्याची चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या. "देठ वाळंस्तोवर ऱ्हाऊ दे," म्हणाले.

यावेळी मी राहू दिलं. आबा दिवाळीच्या आत गेले.

*

तेच बी मी दर वर्षी लावत आले. घर बदललं, परसू गेलं, माठाच्या जागी बादल्या आल्या. बिल्डिंगमधल्या बायका फळ बघून कौतुक करतात, आणि आमचे हे मोठ्या तोऱ्यानं सांगतात, "आमच्या आईच्या माहेरचं बी आहे. शंभर वर्षांचं तरी असेल." मी मिरच्यांना पाणी घालत राहते. आई गेली, वडील गेले, गावचं शेत गेलं, आणि हा माणूस दर उन्हाळ्यात त्या गुळगुळीत फळावर हात ठेवून खूश होतो. त्याच्याकडून ते मी कशी काढून घेऊ? असं मी इतकी वर्षं म्हणत आले. खरं कारण तेवढं उदात्त नव्हतं. मला सांगायची भीती वाटत होती.

पण ह्यांनी मनात जपणं वेगळं आणि दत्तानं जमिनीत लावणं वेगळं. तो ते पोरांना सांगेल, पोरं पुढं सांगतील. बिडकीनच्या मातीत माझं खोटं दर साली नव्यानं उगवेल. बुधवारी नळ आला. मी शिळं पाणी घेऊन गच्चीवर गेले, हे मागोमाग बादली घेऊन आले, आणि वेलापाशी उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. पत्रापासून चिंधीपर्यंत.

त्यांनी बादली टाकीशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आबांना कळलं होतं?"

"हो."

"कशावरून?"

"फाका नव्हत्या."

त्यांनी फळावर हात ठेवला, ठेवून लगेच काढून घेतला. नंतर उरलेलं पाणी त्यांनी एकट्यानंच घातलं, आणि मला खाली जा म्हणाले.

दत्ताला मी फोनवरच सांगितलं. समोर बसून सांगायचा धीर झाला नसता. पलीकडं ट्रक जात होते, त्यांचा आवाज येत होता.

"म्हंजे आजीचं बी गेलंच म्हना की," तो शेवटी म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. चाळीस वर्षं या घरात राहून हा शब्द माझ्या तोंडात कधी बसला नव्हता. "गेलं. माझ्या हातानं गेलं."

"आन् आबांनी सोत्ता चिंधी बांधली व्हती त्याला?"

"बांधली होती."

पुन्हा ट्रक गेले. "बरं," दत्ता म्हणाला. "रविवारी येतो. हाय ते द्या काकू. जागा मोकळी ठेवून काय करू."

तोही रागावला नाही. हे माझ्या नशिबातच दिसत नाही.

आज शनिवार. मी डब्यातून दहा बिया निवडल्या, भरलेल्या, दोन बोटांत दाबून एक एक बघितलेल्या. राखेत घोळून कागदाच्या पुडीत बांधल्या. चिंधी मशीनच्या खणात होती. हिरवा रंग आता उडालाय, काठाचे धागे सुटलेत. ती पुडीभोवती गुंडाळली आणि दोन गाठी मारल्या. मग तांबड्या शाईचं पेन शोधलं, आणि पुडीवर शाळेत फळ्यावर लिहायचे तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: बी बाजारचं. चिंधी आजीची.